मालकीणबाईंच्या अठरा गाई

आमच्या मालकीणबाई सल्ला सगळ्यांना विचारायच्या. पोस्टमनला विचारायच्या, चर्चमधल्या फादरना विचारायच्या, गॅसचं सिलिंडर आणून देणाऱ्यालाही विचारायच्या. समोरचा बोलत असताना मान किंचित तिरकी करून शांतपणे ऐकायच्या, "तेही खरंच म्हणा," म्हणायच्या आणि रबरी बूट आपटत निघून जायच्या. पुढे त्यांनी कुणाचं ऐकलं, की कुणाचंच ऐकलं नाही, हे चार वर्षं शेजारी राहूनही मला कधी आधी कळलं नाही. एकदा तर त्यांनी मलाच विचारलं, की अठरा गाभण गाईंना या हिवाळ्यात गवताबरोबर वरून काय घालावं. मी आयर्लंडमधल्या ट्रली शहराच्या हॉस्पिटलात माणसांची डॉक्टर होते. वडील जनावरांचे डॉक्टर असूनही गाईच्या पोटाबद्दल मला काहीही ठाऊक नव्हतं.

२०१५ साली मला ट्रलीत नोकरी लागली तेव्हा नवऱ्याची नोकरी डब्लिनला होती. तो आठवडाभर तिथल्या डून लेरी या उपनगरात राहायचा आणि शुक्रवारी गाडीने माझ्याकडे यायचा. मला गावात घर मिळेना म्हणून मी शहराबाहेरच्या या शेतावरचं छोटं घर भाड्याने घेतलं. मालकीणबाईंच्या भावाचं लग्न होईल म्हणून ते बांधलेलं होतं. लग्न काही झालं नाही. भाऊ आणि बहीण दोघंही बिनलग्नाचे, मोठ्या घरात एकत्र राहायचे, आणि भावजयीसाठी बांधलेल्या स्वयंपाकघरात मी कुकर लावायचे.

पहिले काही महिने त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. जास्तीच्या चादरी प्रेसमध्ये आहेत, असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी घरभर इस्त्री शोधली. प्रेस म्हणजे कपाट. पण खरा घोटाळा झाला तो 'युअर मॅन'चा. "युअर मॅन म्हणतो, गाईंना नट्स घाला," असं त्या मला एक दिवस सांगू लागल्या. मला वाटलं, माझा नवरा यांना परस्पर फोन करून गाईंना काजू-बदाम घालायला सांगतो आहे. शुक्रवारी तो आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. तिकडे कुठल्याही तिसऱ्या माणसाला 'युअर मॅन' म्हणतात आणि नट्स म्हणजे कारखान्यातल्या पशुखाद्याच्या कांड्या, हे आम्हा दोघांनाही पुढे कधीतरी समजलं. हे सांगणारा युअर मॅन खाद्याच्या दुकानातला होता.

भाऊ २०१७च्या वसंतात गेला. ट्रॅक्टरवरून उतरला, कुंपणाला टेकला आणि तिथेच गेला. भावंडांची कामं वाटलेली होती. गाईंच्या खाण्याचं सगळं त्याच्याकडे आणि बाळंतपणं बहिणीकडे. अडलेलं वासरू त्या हात घालून असं सोडवायच्या, की आमच्या हॉस्पिटलातल्या प्रसूतितज्ज्ञांनी बघत राहावं. पण खाद्याच्या गोणीवरची अक्षरं त्यांनी आयुष्यात कधी वाचली नव्हती. भाऊ गेल्यावर दोन महिन्यांनी त्या मला म्हणाल्या, "त्याच्याजवळ वही नव्हती बघ. सगळं डोक्यात होतं, ते डोक्याबरोबर गेलं."

आणि नेमका त्याच वर्षी उन्हाळा पाण्यात गेला. गवत कापलं की पाऊस, उलथून वाळत घातलं की पुन्हा पाऊस. शेवटी सप्टेंबरमध्ये कधीतरी गठ्ठे बांधले गेले. हातात घेतलं तर ते गवत काड्यांसारखं कडक, राखाडी, आणि त्याला धुळीचा वास. आमच्या केरी परगण्यातले बहुतेक शेतकरी मुरघास, म्हणजे ओलं गवत दाबून आंबवलेला चारा, करतात, पण भाऊ सुकं गवतच करायचा, म्हणून यांनीही तेच केलं. गाई नोव्हेंबरपासून शेडमध्ये बांधायच्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या व्यायच्या. तोवर त्यांना हेच खायचं होतं. मालकीणबाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून गवताचा नमुना तपासायला पाठवला आणि त्याचा कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. "तू रोज रिपोर्ट वाचतेस," त्या म्हणाल्या. मी वाचला. प्रथिनं पाच टक्क्यांच्या आसपास, एवढं कळलं. पाच म्हणजे बरं की वाईट, ते कळलं नाही. त्यांना तसं सांगायची लाज वाटली, म्हणून मी म्हटलं की माझे वडील येणार आहेत, ते बघतील.

आई गेल्याला तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. बाबा अकोल्याच्या घरात एकटे होते, म्हणून मी त्यांना हिवाळ्याचे तीन महिने बोलावून घेतलं होतं. पस्तीस वर्षं ते तालुक्यांच्या गावी सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होते. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वेटरवर स्वेटर चढवले आणि शेडमध्ये जाऊन गाईंच्या पाठीवरून एकेक करून हात फिरवला. मालकीणबाई बाजूला उभ्या राहून त्यांच्या हाताकडे बघत होत्या, तोंडाकडे नाही. त्या दिवसापासून त्या शेतावर 'डॉक्टर' म्हणजे बाबा. मी नुसती 'गर्ल'.

घरी येऊन बाबांनी तो कागद वाचला आणि मला समजावलं, "अवं, गाई उपाशी नाहीत. गाईच्या पोटातले जंतू उपाशी हायेत. त्यायले प्रथिनं भेटत नाहीत, म्हणून गवत पचत नाही, पोटात नुसतं पडून राह्यते. पोट टम्म दिसते, आन् पाठीवरचं मांस चाललं जाते." हे मी मालकीणबाईंना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी दोन वेळा पुन्हा सांगायला लावलं. पोट भरलेली गाय भुकेली कशी, हे त्यांना पटेना. खरं तर मलाही पटत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर खरंच, गाईंची पोटं पिंपासारखी आणि माकडहाडं वर आलेली.

मग निवड सुरू झाली. बाबांना हवी होती सरकीची ढेप. आमच्या वऱ्हाडात पेंडीला ढेप म्हणतात. सरकी तिथे कुणाला माहीत नव्हती. दुकानातला माणूस नट्सचा आग्रह धरत होता. बाबांनी गोणीवरचं लेबल चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, की यात गोडवा भरपूर आणि प्रथिनं नावाला, उपाशी माणसाला बुंदीचे लाडू दिल्यासारखं आहे हे. दुसरा पर्याय होता दारूच्या भट्टीतला मक्याचा चोथा. मालकीणबाईंनी लहान असताना चर्चमध्ये दारू न पिण्याची शपथ घेतली होती आणि तिचा बिल्ला कोटावर कायम असायचा, म्हणून मी हे भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, "शपथ मी घेतली आहे. गाईंनी नाही." पण तो चोथा त्या वर्षी तिथे वेळेवर मिळेल की नाही, याचाच भरवसा नव्हता. राहिली सोयाबीनची पेंड. आणि राहिला बाबांचा जीव की प्राण, युरिया आणि मळी घातलेलं चाटण.

तिकडे ते टबात मिळतं. गाय येता-जाता चाटते, पोटातल्या जंतूंना हवं ते मिळतं आणि तेच गवत पचू लागतं. बाबांनी निम्मी नोकरी गावोगावी याच चाटणाच्या विटा करायला शिकवण्यात घालवली होती. त्यांनी मालकीणबाईंना कागदावर आकृती काढून समजावलं. मी भाषांतर केलं. त्या मान तिरकी करून ऐकत होत्या. पण युरिया हा शब्द आला तशी त्यांची मान सरळ झाली. "तेही खरंच म्हणा," एवढं बोलून त्या उठल्या. चहा तसाच राहिला.

पुढचे दहा दिवस काहीच झालं नाही. टब आला नाही, गोणी आली नाही. गाई ते राखाडी गवत चघळत होत्या. बाबा रोज सकाळी शेडमध्ये जायचे, मालकीणबाई त्यांना हसून 'मॉर्निंग, डॉक्टर' म्हणायच्या आणि हवेबद्दल बोलायच्या. बाबा गोंधळून गेले. "मले सांग, म्या काय वाईट सांगतलं?" ते मला विचारायचे. "नको असंन तर नको म्हणावं. हे बाई हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. काऊन?" मला वाटत होतं, परक्या माणसाचं ऐकायचं कशाला, असं त्यांच्या मनात असेल. कदाचित आमच्या रंगामुळे असेल, असंही एकदा मनात येऊन गेलं. तसं वाटल्याचं मला अजून वाईट वाटतं.

एका रविवारी मला सुट्टी होती. बाबांनी मला शेडमध्ये नेलं आणि सांगितलं, की मालकीणबाईंना शेवटचं विचार. शेडमध्ये बांधलेल्या गाईंना धोका नाही, चाटण हळूहळू सवय लावूनच द्यायचं असतं, हे सगळं मी पुन्हा इंग्रजीत बोलले. मालकीणबाई गवत उचलायच्या काट्याला टेकून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे न बघता बाबांकडे बघून बोलू लागल्या. त्यांचा उच्चार बाबांना कळत नव्हता, म्हणून मी एकेक वाक्य मराठीत करत गेले.

तीस वर्षांपूर्वी गाई हिवाळ्यातही बाहेर, खडकाळ रानावर असायच्या. भावाने असाच एक टब आणला होता आणि बहिणीला सांगितलं होतं, की हा आडोशाला ठेव, पाऊस लागू देऊ नको. त्यांना त्या दिवशी एका मैत्रिणीच्या लग्नाला जायचं होतं. त्यांनी तो घाईत फाटकाशीच उघड्यावर ठेवला आणि गेल्या. पाऊस झाला, टबात पाणी साचलं, त्यात युरिया विरघळला आणि गाईंनी ते गोड पाणी पिऊन टाकलं. तीन गाई मेल्या.

"त्याने टब उचलून आडोशाला नेऊन ठेवला," त्या म्हणाल्या. "मी परत आले तेव्हा टब तिथेच होता, जिथे ठेवायला सांगितला होता. त्याने मला कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हटलं तर तो नाही."

मी बाबांच्या वतीने काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी मला हाताने थांबवलं आणि स्वतःच इंग्रजीत बोलू लागले. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रातलं, प्रत्येक शब्द वेगळा. ते म्हणाले, "मॅडम, माझ्या हातून एक म्हैस गेली आहे." नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका गावात कडब्यावर युरियाचं पाणी शिंपडायचं प्रात्यक्षिक त्यांनी केलं होतं. उरलेल्या पाण्याची बादली अंगणात तशीच राहिली आणि म्हैस ते पाणी प्यायली. अशा वेळी व्हिनेगर पाजायचं असतं. त्या गावात व्हिनेगर कुठलं असणार? त्यांनी आंबट ताक पाजलं, पण उपयोग झाला नाही. म्हैस एका विधवा बाईची होती. ती बाई त्यांना म्हणाली, की साहेब, तिचं दुखणंच असेल, तुम्ही काय करणार. "मी तिला खरं सांगितलं नाही," बाबा म्हणाले. "दुसऱ्या दिवशी मी पुढच्या गावी गेलो आणि तेच प्रात्यक्षिक केलं."

आमच्या घरात ही म्हैस कधी आली नव्हती. आईला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. मला मराठीत जे कधी सांगितलं नाही, ते बाबा एका परक्या बाईला मोडक्या इंग्रजीत सांगत होते आणि ती काट्याला टेकून ऐकत होती. मला तिथे उभं राहावं की जावं, समजेना. दोघांनाही माझी गरज उरलेली नव्हती.

तीन दिवसांनी शेडच्या कोपऱ्यात सोयाबीनच्या पेंडीच्या गोण्या दिसल्या. त्या दिवसापासून मालकीणबाई आणि बाबा रोज सकाळी गवतावर पेंड भुरभुरायचे. एका जुन्या पातेल्याने माप ठरलं होतं. सगळ्या गाईंना एकाच वेळी तोंड घालू द्यायचं, नाहीतर दांडग्या गाई गरिबांना ढकलतात, असा बाबांचा दंडक होता. एक पांढऱ्या तोंडाची गाय फार भित्री होती, मागेच राहायची. बाबा तिला वेगळी घेऊन हाताने खाऊ घालायचे. तिला ते 'पांढरतोंडी' म्हणायचे आणि मालकीणबाईही तसंच म्हणू लागल्या, पण त्यांच्या तोंडी ते कुठल्या तरी आयरिश गावाचं नाव वाटायचं. नाताळ होऊन गेला, तेव्हा गाईंची माकडहाडं बुजू लागली होती आणि गवत आधीपेक्षा लवकर संपू लागलं होतं. बाबा मला म्हणाले, "आता जंतू जेऊन राह्यले." आई गेल्यापासून ते इतकं बोललेले मी पाहिले नव्हते.

फेब्रुवारीत त्यांचे तीन महिने संपले. तेव्हा फक्त तीन गाई व्यायल्या होत्या. निघताना मालकीणबाई फाटकापर्यंत आल्या. बाबांनी नमस्कार केला, त्यांनी हात पुढे केला, मग बाबांनी हात पुढे केला तर त्यांनी नमस्कार केला. शेवटी दोघंही हसले आणि बाबा गाडीत बसले.

मार्चच्या सुरुवातीला बर्फ पडला. केरीत एवढा बर्फ कुणी पाहिला नव्हता. नळ गोठले, रस्ते बंद झाले, मी दोन दिवस हॉस्पिटलातच अडकले. परतले तेव्हा मालकीणबाई शेडच्या दारात बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर ओलं वासरू होतं. पांढरतोंडी मागे आडवी पडलेली होती. कालवड नीट झाली, गाय उठली, वासराला चाटलं, आणि मग खाली बसली ती उठलीच नाही. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी पोचले. मॅग्नेशियम कमी पडलं असेल, हृदय असेल, आतून काही फाटलं असेल, ते म्हणाले. पोट उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मालकीणबाईंनी पोट उघडू दिलं नाही. पेंडीमुळे ती गेली, की पेंडीमुळेच तोवर तगली, की या दोन्हींचा काही संबंधच नव्हता, हे आजही मला कुणी सांगू शकत नाही.

बाबा रोज फोन करून विचारत होते. महिनाअखेर शेवटची गाय व्यायली, तेव्हा मी मालकीणबाईंना विचारलं, की बाबांना काय सांगू. त्या नेहमीसारखी मान तिरकी करतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी मला शेडमध्ये नेलं.

"वासरं मोज," त्या म्हणाल्या.

मी मोजली. अठरा होती.

"अठरा वासरं आहेत. तेवढंच सांग. इतक्या लांबून तो माणूस बाकीचं घेऊन काय करेल?"

मी बाबांना अठरा सांगितलं. ते म्हणाले, "आन् पांढरतोंडी?" मी म्हटलं, तिला कालवड झाली, पांढऱ्याच तोंडाची. यातलं काहीही खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला कळेना, मी वडिलांना सांभाळलं की फसवलं. मालकीणबाईंना तसं म्हटलं, तर त्या कालवडीला बाटलीने दूध पाजत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही असेल." त्यांनी मला दिलेलं तेवढं एकच सरळ उत्तर.

त्या उन्हाळ्यात उलटंच झालं. पाऊसच पडला नाही, गवत पिवळं पडलं आणि हिवाळ्यासाठी काहीच उरलं नाही. मालकीणबाईंनी पुन्हा सगळ्यांना विचारलं असणार. ऑक्टोबरमध्ये मी एका संध्याकाळी कामावरून आले तर शेड रिकामी आणि धुतलेली होती. सगळ्या गाई, त्या पांढऱ्या तोंडाच्या कालवडीसकट, बाजारात गेल्या होत्या. मी त्यांच्या दाराशी गेले. त्यांनी मला आत बोलावून सूप दिलं.

पुढच्या वर्षी मला डब्लिनजवळच्या ड्रोहेडाच्या हॉस्पिटलात जागा मिळाली. सामान भरत होते तेव्हा त्या दारात येऊन म्हणाल्या, "म्हणजे तू काही राहणार नाहीस आता." मी म्हटलं, नाही, पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं आहे. त्यांनी मान हलवली. त्या मला 'राहशील का' असं विचारत होत्या, हे मला ड्रोहेडाला जाऊन आठवडा झाल्यावर लक्षात आलं. मी फोन केला, तेव्हा आम्ही हवेबद्दल बोललो. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या मुलीचा मेसेज आला, की मावशी झोपेतच गेल्या.

डिसेंबरात मी अकोल्याला गेले. मालकीणबाई गेल्याचं बाबांना मी तेव्हा समोर बसून सांगितलं. ते उठून आत गेले, तोंड धुऊन आले आणि पुन्हा बसले.

दोन दिवसांनी त्यांच्या खात्यातले एक जुने सहकारी भेटायला आले. बाबांनी त्यांना आयर्लंडची सगळी गोष्ट सांगितली. पाच टक्के प्रथिनांचं गवत, नट्स, दारूचा चोथा, सोयाबीनची ढेप, पातेल्याचं माप. टबाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही, म्हशीचीही नाही. मी चहा घेऊन आले, तेव्हा ते शेवटाला पोचले होते.

"अठरा गाई," ते म्हणाले, "आन् अठरा वासरं. एकही गाय गेली नाही. त्या बाईनं संभाळल्या." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हो का नाही वं?"

ते गृहस्थ माझ्याकडे बघत होते. बाबाही बघत होते, आणि मला वाटलं, जरा जास्तच वेळ बघत होते. त्यांना काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

"हो," मी म्हटलं, आणि त्यांच्या कपात चहा ओतला.